आईची साक्ष : स्वमग्नतेच्या निदानात मुलाखतीचे स्थान

ताप किती आहे हे तापमापक सांगतो. हाड मोडले आहे की नाही हे क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसते. रक्तातील साखर प्रयोगशाळेत मोजता येते. परंतु मनुष्याच्या काही अवस्था अशा आहेत की, त्यांचे निदान रक्त तपासून किंवा मेंदूचे छायाचित्र काढून होत नाही. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही त्यांपैकी एक होय.

स्वमग्नता हा संसर्गाने येणारा रोग नव्हे. मेंदूच्या विकासाची ती एक वेगळी घडण आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत तिची दोन मुख्य लक्षणे सांगितली आहेत. इतरांशी संवाद व भावनिक देवाणघेवाण करण्यातील अडचण हे पहिले; ठरावीक हालचाली, सवयी किंवा विषय यांत गुंतून राहणे हे दुसरे. ही लक्षणे बालपणाच्या आरंभी असावी लागतात, आणि ती आज दिसत असली किंवा पूर्वी दिसून गेलेली असली तरी चालते, असे ती पुस्तिका म्हणते.

येथेच खरा प्रश्न निर्माण होतो. तपासणाऱ्या तज्ज्ञासमोर मूल एखादा तास असते. त्याचे पूर्वायुष्य तज्ज्ञाने पाहिलेले नसते आणि मुलाला ते सांगता येत नाही. मग ते सांगणार कोण? अर्थातच ज्याने मुलाला वाढविले तो. बहुधा आई, कधी वडील, कधी आजी. या व्यक्तीची पद्धतशीर मुलाखत घेणे हा स्वमग्नतेच्या निदानाचा एक मुख्य आधार आहे. ती कशी घेतात, तिच्यावर कितपत विसंबता येते, आणि आपल्याकडील घरांत तिचे मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरोपी ते साक्षीदार

या विषयाचा आरंभच एका बापाच्या पत्राने झाला असे म्हणता येईल. १९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातून डोनाल्ड नावाचा पाच वर्षांचा मुलगा बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे आणण्यात आला. मुलगा येण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी कॅनर यांना तेहतीस टंकलिखित पानांचा वृत्तांत पाठविला होता. वडील व्यवसायाने वकील होते. मुलगा काय खातो, काय पाठ म्हणतो, कोणत्या वस्तू गरगर फिरवतो, कोणाकडे लक्ष देत नाही, हे सारे त्यांनी बारकाईने लिहिले होते. पुढे १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातील पहिले मूल हा डोनाल्डच होय.

परंतु ज्यांच्या निरीक्षणावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांच्यावरच पुढे दोषारोप झाला. ही अवस्था जन्मजात असावी असे कॅनर यांनी लिहिले होते. त्याबरोबरच या मुलांचे आईबाप फारसे मायाळू वाटले नाहीत, असाही अभिप्राय त्यांनी नोंदविला होता. लोकांनी नेमका हा दुसरा भाग उचलला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत पसरले. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने त्याला बळ दिले. ज्या आईला विचारून मूल समजून घ्यावयाचे, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर तिच्या सांगण्यावर विश्वास कोण ठेवणार?

हे मत खोडण्याच्या कामी पालकच पुढे आले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. त्यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात स्वमग्नतेचे मूळ शरीरात आहे असे प्रतिपादन केले आणि पालकांनी भरावयाची एक प्रश्नावलीही त्यात जोडली. इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलीच्या आई असलेल्या डॉ. लोर्ना विंग यांनी इतर पालकांच्या साथीने १९६२ साली संस्था उभारली. कॅनर यांनीही १९६९ साली पालकांच्या सभेत आईबापांना या आरोपातून जाहीरपणे मुक्त केले. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या. एकरूप जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. भिन्न जुळ्यांच्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती. अनुवंशाचा वाटा त्यावरून स्पष्ट झाला. आई दोषी नाही हे ठरल्यावरच ती साक्षीदार होऊ शकली.

प्रश्न कसा विचारतात?

याच रटर यांनी अ‍ॅन ल कूटर व कॅथरिन लॉर्ड यांच्यासह एक मुलाखत रचली. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीआय-आर म्हणतात. तीत ९३ बाबी आहेत आणि ती पूर्ण होण्यास साधारणपणे दीड ते अडीच तास लागतात. मुलाचा आरंभीचा विकास, भाषा व संवाद, सामाजिक वर्तन व खेळ, आवडीनिवडी व ठरावीक वागणूक अशा क्रमाने ती पुढे जाते.

या मुलाखतीचे वैशिष्ट्य असे की, आईने ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हटले म्हणून गुण दिले जात नाहीत. आई वर्णन करते आणि गुण मुलाखत घेणारा ठरवितो. त्यासाठी त्याला प्रशिक्षण घ्यावे लागते. हे समजण्यासाठी कल्पनेने एक संवाद घेऊ.

“ताई, नाव घेऊन हाक मारली की तो बघतो का?”

“बघतो की. बोलावलं की येतो.”

“परवा-तेरवा कधी हाक मारलीत, ते आठवून सांगता का?”

“काल मारली. जेवायला. पण तो चाकाशी खेळत होता. मग मी जाऊन हात धरून आणला.”

“म्हणजे हाकेला मान वर केली नाही?”

“नाही केली. पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला की आतल्या खोलीतून धावत येतो बघा.”

पहिल्या उत्तरावर थांबलो असतो, तर ‘अडचण नाही’ अशी नोंद झाली असती. आई खोटे बोलली नव्हती. तिच्या मते मुलगा येत होताच. कसा येत होता हे कोणी विचारले नव्हते. शेवटच्या वाक्यात तर तिने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. पुड्याचा बारीक आवाज त्याच्या कानावर पडतो, आणि तरीही माणसाच्या हाकेकडे तो वळत नाही. यावरून मुलाची श्रवणतपासणी टाळावी असे नव्हे, ती करावीच लागते. पण एवढ्या माहितीने तज्ज्ञाला पुढचा प्रश्न सापडतो.

गुण देण्याची रीत साधी आहे. विचारलेले वेगळेपण नसेल तर शून्य. काही प्रमाणात असेल पण पुरते ठरत नसेल तर एक. स्पष्ट असेल तर दोन. आणि तीव्र असेल तर तीन. अंतिम बेरजेत तीनचे दोनच धरले जातात. सामाजिक देवाणघेवाणीत १०. संवादात बोलणाऱ्या मुलासाठी ८, न बोलणाऱ्यासाठी ७. ठरावीक वर्तनात ३. आणि छत्तीस महिन्यांपूर्वी आरंभ झाल्याबद्दल १, अशा सीमारेषा आखलेल्या आहेत.

या तंत्राची मुळे याहून जुनी आहेत. एडगर डॉल यांनी १९३५ साली अमेरिकेतील वाइनलँड येथे सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी तयार केली, तीही सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या मुलाखतीवरच आधारलेली होती. तिची भारतीय आवृत्ती नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी सिद्ध केली आणि आपल्याकडील बालमार्गदर्शन केंद्रांतून ती दीर्घकाळ वापरात राहिली. तिचा धडा असा की, मूल काय करू शकेल हे विचारू नये. ते रोज काय करते ते विचारावे. ‘करू शकेल’ यात आईची आशा मिसळते. ‘करतो’ यात केवळ अनुभव उरतो.

स्मरणशक्तीचा प्रश्न

येथे कोणीही शंका घेईल की, पाच-दहा वर्षांपूर्वीचे आईला नीट आठवते काय? ही शंका रास्त आहे. मूल जसजसे मोठे होते, तसतसे आईबाप त्याच्या बोलण्या-चालण्याच्या आरंभाचे वय अधिकाधिक उशिराचे सांगू लागतात, असे संशोधकांना आढळले आहे. दुर्बिणीतून पाहिले असता दूरचे जवळ दिसते, तशीच ही भूल असते. शिवाय निदान ऐकल्यानंतर जुन्या आठवणींनाही त्याचा रंग चढतो.

यावर दोन उपाय योजले आहेत. पहिला म्हणजे, मूल मोठे असल्यास अनेक बाबी त्याच्या चार ते पाच वर्षे वयाच्या काळाविषयी विचारतात. त्या वयात सर्वसाधारण मुले भरपूर बोलतात, सवंगड्यांबरोबर खोटे खोटे खेळतात. म्हणून वेगळेपण उठून दिसते आणि लक्षातही राहते. दुसरा उपाय म्हणजे आठवणीला खुंटी देणे. ‘अठराव्या महिन्यात तो बोट दाखवीत होता का?’ असे विचारले तर कोणीही गोंधळेल. पण ‘त्याच्या दुसऱ्या दिवाळीला तुम्ही कुठे होता? आकाशकंदील लावला तेव्हा तो काय करीत होता?’ असे विचारले की चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. धाकट्या बहिणीचे बारसे, घर बदलणे, गणपती विसर्जन, या सगळ्या अशाच खुंट्या होत.

आईच्या सांगण्याला बाहेरचा पुरावाही मिळाला आहे. १९९४ साली ज्युली ऑस्टरलिंग व जेराल्डिन डॉसन यांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. अकरा फिती पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांच्या आणि अकरा इतर मुलांच्या होत्या. बोट दाखविणे, वस्तू दुसऱ्याला दाखविणे, माणसांच्या चेहऱ्याकडे पाहणे आणि नावाला वळणे या चार गोष्टींत दोन्ही गटांत फरक आढळला. मुलाखतीत आईला ज्या गोष्टी विचारतात, त्यांतल्याच या आहेत.

लेखी फॉर्म आणि तोंडी प्रश्न

इतका वेळ खर्चण्यापेक्षा छापील प्रश्नावली भरून घेतली तर काय बिघडले? तशा प्रश्नावल्या आहेत आणि प्राथमिक चाळणीसाठी त्या उपयोगी पडतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी वापरतात. परंतु तिच्या कर्त्यांनीच असे सांगितले आहे की, तीन ते सात गुण आल्यास लगेच निष्कर्ष न काढता आईला पुन्हा तोंडी विचारावे. या दुसऱ्या विचारणीत कितीतरी मुले संशयातून सुटतात. म्हणजे जेथे फॉर्म अडखळतो तेथे बोलणेच कामाला येते.

आपल्याकडे तर या भेदाला आणखी अर्थ आहे. माझ्या आईला वाचता येत नाही. शाळेपासून रेशनकार्डापर्यंत घरातले सारे फॉर्म मला भरावे लागतात. पण आम्हा तिघा भावंडांपैकी कोण कधी रांगले, कोणाला पहिला शब्द कधी फुटला, कोण अनोळखी माणसाला पाहून रडे, हे ती आजही खडान्‌खडा सांगते. ती महिन्यांची नावे घेत नाही. एक ज्वारीच्या काढणीला चालू लागले, दुसरे खुरपणीच्या दिवसांत बोलू लागले, असे सांगते. अशा बाईच्या हाती छापील कागद दिला, तर तिचे ज्ञान शून्य ठरते. तेच समोर बसून विचारले, तर तिच्याइतकी जाणकार व्यक्ती दुसरी नाही. मुलाखतीचे तंत्र शिकलेल्या व न शिकलेल्या आईला एकाच पायरीवर बसविते. हा तिचा गुण पाठ्यपुस्तकांत ठळकपणे येत नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मराठी घरातील प्रश्न

परदेशात रचलेल्या मुलाखतीचे केवळ भाषांतर केले की काम भागते असे मात्र नाही. काही उदाहरणे पाहू. मूल ‘हो’ म्हणताना मान वर-खाली हलविते का, असा प्रश्न असतो. आपल्याकडे ‘हो’ म्हणताना मान बाजूला झुकविण्याची रीत सर्रास आहे. शब्दशः विचारणाऱ्याची येथे फसगत होईल. निरोपाचा हात हलविणे विचारावयाचे, तर ‘जय बाप्पा’ म्हटल्यावर हात जोडतो का, हेही विचारले पाहिजे. खोट्या खोट्या खेळाबद्दल विचारताना बाहुलीच्या चहापानापेक्षा भातुकली जवळची.

भाषेचेही तसेच. स्वमग्न मुले पुष्कळदा ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारतात आणि ‘मी’ व ‘तू’ यांची उलटापालट करतात. स्वतःला पाणी हवे असता मूल म्हणते, ‘तुला पाणी पाहिजे?’ मराठीत क्रियापदालाही लिंग असते. म्हणून मुलगा आईचेच वाक्य उचलून ‘मी आले’ म्हणत असेल, तर तेही विचारात घेण्यासारखे आहे. अर्थात, आईच्या तोंडची भाषा लहान मुले काही काळ उचलतातच. त्यामुळे एवढ्यावरून काही ठरविता येणार नाही. येथेही वय आणि प्रसंग विचारावे लागतात.

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण येते. दिवसभर मूल आजीपाशी आणि आई शेतावर, असे असेल तर साक्षीदार कोण? दोघींना विचारणे उत्तम. पण त्यांना एकत्र बसविले की सून बोलत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तसाच होता,’ असे सासूबाई म्हणतात आणि आईच्या मनातील शंका मनातच राहते. म्हणून आईशी थोडा वेळ एकटीने बोलणे अगत्याचे असते. तिला दोष दिला जाणार नाही ही खात्री प्रथम द्यावी लागते. जुना दोषारोप ग्रंथांतून गेला असला, तरी आळीतून व नातेवाइकांतून तो अजून गेलेला नाही.

आपल्या देशासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने २००९ साली स्वमग्नतेची भारतीय मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तीत ४० बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण असतात. मुलाचे निरीक्षण आणि पालकांची मुलाखत या दोन्हींतून ते दिले जातात. ७० वा अधिक गुण आल्यास स्वमग्नता मानतात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ही श्रेणी २०१६ सालापासून अधिकृत आहे. म्हणजे आई काय सांगते आणि ते कसे ऐकले जाते, यावर मुलाचे प्रमाणपत्र, सवलती व शिक्षणातील सोयी अवलंबून असतात.

मर्यादा

मुलाखत एकटी पुरेशी नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. ज्या मुलांची मानसिक वाढ दोन वर्षांच्या पातळीपर्यंतही झालेली नाही, त्यांच्या बाबतीत एडीआय-आर भरवशाची नाही. चांगले बोलणारी, हुशार मुले तिच्यातून निसटू शकतात. मोठेपणी निदानासाठी येणाऱ्या माणसाचे आईवडील कधी हयात नसतात. तेव्हा थोरल्या बहिणीकडे किंवा भावाकडे वळावे लागते. म्हणून मुलाखतीच्या जोडीला मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण करतात. कॅथरिन लॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एडीओएस ही खेळावर आधारित पद्धती सिद्ध केली आहे. आईचे सांगणे व तज्ज्ञाचे पाहणे यांत अंतर पडले, तर एकाला खोटे ठरविण्याचे कारण नाही. घरी मोकळे असलेले मूल दवाखान्यात गप्प असेल. शांत खोलीत स्थिर बसणारे मूल लग्नाच्या गर्दीत कान झाकून घेत असेल. दोन्ही खरेच.

सर्वांत मोठी मर्यादा वेळेची आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना एका आईला दोन तास कोण देणार? २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि त्यात स्वमग्नतेचाही समावेश आहे. अशा प्रसंगी आईला दोन-चार प्रश्न नीट विचारले गेले, तर पुढची वाट लवकर सापडेल.

समारोप

आम्हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चाचण्यांचे आकर्षण असते. आकडा आला म्हणजे शास्त्र झाले, अशी आमची समजूत होते. या मुलाखतीचा अभ्यास करताना असे ध्यानात येते की, आकड्याच्या मागे कोणीतरी सांगणारे असते आणि कोणीतरी ऐकणारे असावे लागते. सांगणाऱ्याजवळ ज्ञान असतेच. ते बाहेर येईल असा प्रश्न विचारणे, हेच शिकण्याचे कौशल्य होय. आपल्यापैकी जे पुढे शिक्षक, समुपदेशक किंवा समाजसेवक होतील, त्यांच्यापुढे एखादी आई येऊन ‘हा हाकेला बघत नाही हो’ असे म्हणेल. तेव्हा ‘होईल नीट’ म्हणून तिला परत न पाठविता, ‘बसा ताई, काल काय झाले ते सांगा’ एवढे म्हणण्यास फार मोठी पदवी लागत नाही.

— द्वितीय वर्ष, कला शाखा